महादेवाच्या डोंगरातलं पाणी

आजचा विषय महादेव डोंगररांग आणि तिथलं पाणी. विषय ऐकल्यावर कुणीही विचारेल, की तिथं पाणी आहेच कुठं? प्रश्न रास्त आहे. सातारा आणि सांगली म्हटलं की डोळ्यांसमोर कृष्णाकाठ येतो, ऊस येतो, वांगी येतात. पण या दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, हा निराळाच मुलूख आहे. त्याला वाळवंट म्हणता येणार नाही. पण मे महिन्यात म्हसवडहून आटपाडीकडे जाताना कुणी "वाळवंट" म्हणालं, तर मी वाद घालत नाही.

आधी जमिनीचा नकाशा मनात नीट मांडू, म्हणजे पुढचा इतिहास सोपा होईल. महाबळेश्वरच्या उत्तरेला सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून एक रांग फुटते. ती पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे वळत सातारा जिल्हा आडवा ओलांडते. हीच महादेव रांग. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवावरून तिला हे नाव आलं. तिच्यापासून दक्षिणेकडे तीन सोंडा उतरतात. पहिली चंदन-वंदन किल्ल्यांची, ती आखूड आहे. दुसरी वर्धनगडापासून थेट मच्छिंद्रगडापर्यंत जाते. तिसरी महिमानगडापासून निघते आणि खानापूरच्या पठाराकडे सरकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सोंडेच्या मधून येरळा वाहते. तिसरीच्या पूर्वेला माण, म्हणजे माणगंगा.

आता गंमत बघा. येरळा दक्षिणेला वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माण आग्नेयेला जाते आणि पंढरपूरच्या खाली, मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेला मिळते. कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरात माणेचा उगम आहे, आणि त्याच डोंगरातून बाणगंगा निघते. ती मात्र उत्तरेला उतरून फलटणवरून नीरेला जाते. म्हणजे एका डोंगरावर पडलेला पाऊस तीन वाटांनी तीन दिशांना निघून जातो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर या डोंगराला सगळीकडून उतार आहे, आणि थांबायला जागा कुठंच नाही.

पावसाचं म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथून दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, आणि दहिवडीला पडतो पाचशेच्या आतबाहेर. आटपाडी आणि जतचीही तीच तऱ्हा, बऱ्याच वर्षी त्याहून कमी. सह्याद्रीने ढग अडवले की मागे राहतो तो वारा. पावसाळाभर इथे वारा सुटलेला असतो. आज त्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या आहेत, याचं उत्तर यातच आहे. आधी मे महिन्यात वळीव एकदोन दणके देतो, मृगात थोडं शिंपण होतं, मग सगळं कोरडं, आणि खरा भरवसा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर. तो आला तर शाळू. तो हुकला तर बैल बाजारात.

पण माझा आजचा मुद्दा पाऊस कमी पडतो हा नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं असं आहे, की या मुलखाचा इतिहास पावसापेक्षा साठवणीने जास्त घडवला. पडलेलं पाणी कुठे थांबतं, ते कुणाला ठाऊक आहे, आणि थांबलेल्या पाण्यावर हात कुणाचा, या तीन प्रश्नांभोवती इथलं राज्यकारण, धर्म, स्थलांतर आणि अलीकडच्या चळवळी फिरल्या.

म्हणून थोडं खडकाविषयी. हा सगळा बेसाल्ट, काळा पाषाण. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. अखंड, कठीण थरातून पाणी जात नाही. त्याच्यावर किंवा खाली जो फुटका, भेगाळ थर असतो, किंवा ज्याला आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात तो असतो, त्यात थोडं पाणी धरतं. वरचं मुरमाड कातडं पाणी पिऊन घेतं आणि ते पाणी खाली कठीण थरावर आपटून आडवं सरकायला लागतं. डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो, तिथे झरा. म्हणून या रांगेत झरे सहसा माथ्यावर नसतात, अगदी पायथ्यालाही नसतात, मधेच एका विशिष्ट उंचीवर ओळीने सापडतात. वाड्या बघा, देवळं बघा, बऱ्याच ठिकाणी त्याच उंचीवर आहेत. धनगरांचे जुने वाडेही तसेच. हे शास्त्र त्या लोकांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मेंढरं कुठे थांबतात ते बघून त्यांना कळलेलं होतं.

नदीचंही तसंच. माण, येरळा आणि जत-कवठ्याकडची अग्रणी या वर्षातले बरेच महिने वरून कोरड्या. पण पात्रात वाळू होती, आणि वाळूच्या पोटात पाणी. बायका पात्रात हाताने उकरून झरा करायच्या. अर्धा हात, एक हात, उन्हाळा वाढेल तसा आणखी खोल. वाटीने पाणी भरायचं, घागर भरली की दुसरीने बसायचं. नदी कोरडी आहे असं आपण रस्त्यावरून बघून म्हणायचो, पण ती खाली वाहत असायची. वाळू हे या नद्यांचं झाकण होतं. पुढे बांधकामांसाठी वाळू उपसली गेली आणि झाकणच गेलं. त्यावर पुढे येतोच.

विहिरींची गोष्ट याहून बोलकी आहे. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शिलालेखातल्या शक १६४१ ते १६४६ या काळातलं, म्हणजे १७१९ ते १७२४ च्या सुमाराचं ते बांधकाम. अष्टकोनी, प्रशस्त, पोटात महाल असलेली. एका वेळी डझनभर मोटा चालतील एवढं पाणी. ते कृष्णाकाठचं ऐश्वर्य. तिथून पूर्वेला वर्धनगडाचा घाट ओलांडा, आणि विहिरीचं माप बदलतं. इथे विहीर किती परस खोल, हे कुणी आधी विचारत नाही. विचारतात ते, "मोट किती वेळ चालते?" दोन तास चालली की पाणी तळाला जातं, मोट वाजायला लागते, बैल सोडायचे, आणि रात्रभर पाझर साचेपर्यंत वाट बघायची. पाण्याचं मोजमाप असं तासात होतं. म्हणून भावाभावांच्या वाटणीत जमीन जशी वाटली जायची, तशी विहिरीची पाळीही वाटली जायची. एका भावाला सोमवार-मंगळवार, दुसऱ्याला बुधवार-गुरुवार. आणे-पैच्या हिश्शांनी विहिरीचा मालकी हक्क सातबारावर लागलेला आजही दिसेल. तालुका कोर्टात जाऊन विचारा, बांधाच्या भांडणांइतकीच पाळीची भांडणं निघतील.

आता राज्यकारणाकडे वळू. मध्ययुगात या भागातली मातब्बर घराणी कुठे बसली ते नकाशावर बघा. म्हसवडला माने, माणेच्या काठावर. मलवडी आणि खटावकडे घाटगे, माण आणि येरळेच्या वरच्या खोऱ्यात. फलटणला निंबाळकर, बाणगंगेवर. देशमुखी म्हणजे वसुलीचा अधिकार हे खरं, पण वसूल करायला आधी काही पिकावं लागतं. या मुलखात पिकायची ती नदीकाठची काळ्या जमिनीची अरुंद पट्टी, म्हणून वाडे त्या पट्टीवर. मधला माळ आणि डोंगर मेंढपाळांचे, आणि पुंडांचे.

किल्ल्यांचंही आपण नेहमी तट-बुरुज सांगतो. मी विनंती करतो, एकदा फक्त टाकी बघत गड फिरा. वर्धनगड शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमाराला बांधला. सातारा-पंढरपूर वाटेवरच्या खिंडीत तो बसलाय. महिमानगड त्याच वाटेवर पुढे, दहिवडीच्या अलीकडे. वारुगड उत्तरेच्या कड्यावर. खानापूर तालुक्यातला भूपाळगड, म्हणजे बाणूरगड, तर पार पूर्वेच्या टोकाला. आदिलशाहीच्या बाजूने येणारी वाट राखायला ही साखळी उभी केली, असं आपण शिकतो, आणि ते बरोबर आहे. पण त्या साखळीचा कडीन्‌कडी धरून ठेवणारा पदार्थ पाणी आहे. माथ्यावर झरा नसतो हे मघाशी सांगितलं. मग गडावर शिबंदी ठेवायची तर पावसाळ्यातलं पाणी कातळात कोरून धरलं पाहिजे. जेवढी टाकी, तेवढी माणसं, आणि तेवढेच वेढ्याचे दिवस. १६७९ साली दिलेरखानाने भूपाळगड घेतला. संभाजीराजे त्या वेळी त्याच्या छावणीत होते, म्हणून ती लढाई आपल्याला आठवते. मला मात्र त्या गडावर गेलं की पहिल्यांदा वाटतं ते हे, की एवढ्या उघड्या पठारावर, उन्हाळ्याच्या तोंडाला, आत कोंडलेल्या माणसांचं आणि जनावरांचं पाणी किती दिवसांचं होतं?

मोठ्या फौजेची अडचण याच्या उलटी. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं ब्रह्मपुरीला होती, भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ. दुसरीकडे कुठे असणार? एवढी माणसं, हत्ती, घोडे, उंट, बैल. त्यांना मोठी नदीच लागते. महादेवाच्या डोंगरात ती छावणी आठ दिवस टिकली नसती. आणि मराठ्यांच्या तुकड्या नेमक्या त्याच डोंगरात वावरत होत्या, कारण शे-दोनशे घोड्यांना पुरेल असं पाणी कुठल्या घळीत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गनिमी काव्याचं वर्णन करताना आपण वेग सांगतो, धाडस सांगतो. पाणवठ्याची माहिती हा त्या वेगाचा अर्धा भाग होता असं माझं मत आहे. पण ही माहिती दुधारी असते. जून १६९७ मध्ये संताजी घोरपडे याच शंभू महादेवाच्या डोंगरात मारले गेले. ओढ्यावर अंघोळ करत असताना म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना गाठलं, अशी हकीकत सांगितली जाते. एकट्यादुकट्या, थकलेल्या माणसाला त्या दिवसांत कुठे ना कुठे पाण्यावर यावंच लागणार, हे म्हसवडकर मान्यांइतकं कुणाला माहीत असणार?

शिंगणापूरविषयी बोलल्याशिवाय या डोंगराचं पाणी पुरं होत नाही. यादव राजा सिंघणावरून गावाला नाव मिळालं असं मानतात. भोसल्यांचं हे कुलदैवत. १६०० च्या सुमाराला मालोजीराजांनी इथे मोठा तलाव बांधला. हे काम फक्त पुण्याचं नव्हतं. चैत्रात हजारो माणसं डोंगरावर येणार, वर पाणी नाही, म्हणजे यात्रा भरवायची तर आधी तळं हवं. ज्याने तळं बांधलं त्याचं नाव यात्रेत आलं, आणि यात्रेत नाव आलं की मुलखात आलं. भोसले घराण्याचा उदय सांगताना हे तळं जरा ठळक सांगायला हवं.

आणि त्या यात्रेतला सगळ्यात मोठा सोहळा कुठला? कावडींचा. सासवडहून भुतोजी तेल्याची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन निघते आणि चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाने वर चढते. मुंगी घाट म्हणजे वाट अशी नाहीच, उभा डोंगर. माणसांची साखळी करून, दोर लावून कावड वर ओढतात. मग त्या पाण्याने महादेवाला स्नान. उतारावरून निघून गेलेलं पाणी वर्षातून एकदा माणसांनी खांद्यावर घेऊन परत वर आणायचं! मी याचा अर्थ लावत बसत नाही. भाविकांना त्याची गरज नसते. पण "पाणी वर चढवणं" हा शब्द पुढे पंपांच्या संदर्भात येईल, तेव्हा हा घाट ध्यानात असू द्या.

दुष्काळांची यादी मोठी आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगतात. दामाजीपंतांची कोठारं मंगळवेढ्याला होती. म्हणजे बघा, डोंगराची माती आणि पाणी वाहून जिथे साचतं, तिथेच धान्यही साचत होतं. मी सगळे दुष्काळ सांगत नाही. एकावरच थांबतो, १८७६-७७. कारण त्याने या मुलखाची जमीन कायमची बदलली.

१८७६ साली परतीचा पाऊस हुकला. सरकारने दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, तलाव. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला मजुरीचा दर खाली आणला. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर दगड फोडायचे. मजुरांनी कामं सोडल्याच्या हकिकती आहेत. पुण्यात सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, आणि त्याच काळात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

या दुष्काळाच्या आगेमागे, म्हणजे १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून १८८० च्या दशकापर्यंत, या डोंगरात तीन मोठे तलाव झाले: येरळेवर नेर, खटावच्या दक्षिण टोकाला मायणी, आणि माणेवर म्हसवडचा तलाव, ज्याला आपण राजेवाडीचा म्हणतो. राजेवाडीचा १८८७ मध्ये पुरा झाला. मातीचा बांध, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब. तो आजही उभा आहे. यंत्राशिवाय, डोक्यावरच्या पाटीने आणि बैलांनी घातलेली माती आहे ती. त्या बांधावरून चालताना प्रत्येक पावलाखाली किती पाट्या असतील, याचा हिशेब करून बघा.

पण हे पाणी गेलं कुठे? राजेवाडीचा फुगवटा माणच्या हद्दीत, बांधाचं गाव आटपाडीच्या बाजूला, आणि कालवा खाली सांगोल्याकडे. इंजिनिअरच्या हिशेबाने यात काही चूक नाही. खाली गेलं की पाणलोट मोठा मिळतो, जमीन सपाट आणि काळी मिळते, कालवा कमी खर्चात जास्त रान भिजवतो आणि पाणीपट्टी जास्त येते. तुम्ही-मी असतो तरी कागदावर तीच जागा निवडली असती. मात्र ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडला, ते कालव्याच्या वर राहिले. त्यांना तलाव दिसतो, पाणी मिळत नाही. माणमध्ये ही तक्रार चार पिढ्यांची आहे. शिवाय उघड्या डोंगराची माती दरवर्षी त्या तलावात उतरते. तलाव उथळ होत जातो, डोंगर आणखी उघडा होत जातो.

१९४९ साली सातारा जिल्ह्याची फाळणी झाली. माण आणि खटाव उत्तरेला राहिले. औंध संस्थानातली आटपाडी, जत संस्थान आणि खानापूर दक्षिण साताऱ्यात गेले. १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. सांगोला तर सोलापूरचाच. म्हणजे माणदेश नावाची जी एक ओळख होती, माडगूळकरांच्या "बनगरवाडी"मुळे जी महाराष्ट्राला माहीत झाली, ती तीन कलेक्टर कचेऱ्यांत वाटली गेली. नदी एक, पाणलोट एक, आणि फाईल तीन ठिकाणी. या प्रशासकीय गोष्टीचा परिणाम दुष्काळापेक्षा कमी समजू नका.

माणसं काय करत होती? बाहेर जात होती. मेंढपाळ कोकणाकडे, कृष्णाकाठाकडे. बाकीचे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत. आणि विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर, सोन्याचांदीचा कस काढणारे, ते तर देशभर गेले. कोचीपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर गाव विचारा. बहुधा येरळेच्या किंवा माणेच्या काठचं निघेल. विट्याजवळच्या गावांत जे टोलेजंग बंगले दिसतात, ते त्या रानात पिकलेले नाहीत.

मग १९७२. मिलो ज्वारी, सुकडी, खडी केंद्र, हे सभागृहातल्या वडीलधाऱ्यांनी सोसलंय, मी सांगायची गरज नाही. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आली, पाझर तलाव आले. आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे लक्ष कमी गेलं. बोअरचं यंत्र. तोपर्यंत खोली माणसाच्या हाताने आणि सुरुंगाने ठरत होती. पाणाड्या जागा दाखवायचा, चाळीस-पन्नास फुटांवर फैसला व्हायचा. वीज आली, मोट गेली, इंजिन आणि मोटार आली, आणि बोअरने तो कठीण थर फोडून खालचं, शेकडो वर्षांत मुरलेलं पाणी वर काढलं. विहिरीची पाळी चार भावांत ठरलेली असायची. बोअरला पाळी नाही. ज्याची जास्त खोल, त्याचं पाणी. पाण्याच्या मालकीचा जुना, भांडणांनी भरलेला पण चालू असलेला कायदा त्या यंत्राने मोडला.

याला उत्तर देण्याचा एक प्रयत्न येरळेकाठीच झाला. १९८२ चा मुंबईतला गिरणी संप फसला, कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. येरळेच्या वाळूचा उपसा ठेकेदारांकडून सुरू होता. लोकांनी तो अडवला आणि म्हणाले, वाळू विकायचीच तर थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचं धरण बांधू. तांदूळवाडी आणि बलवडी या गावांनी मिळून बळीराजा स्मृती धरण बांधलं. अभियंते के. आर. दाते यांची मदत होती. धरण लहान आहे. पण वाटपाचा नियम बघा: पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसागणिक मिळेल, आणि भूमिहीनालाही हिस्सा. लिंबच्या विहिरीपासून राजेवाडीपर्यंत असा नियम आधी कुणी केला नव्हता.

१९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. जिल्ह्यांनी वाटलेला पाणलोट या परिषदेने पुन्हा एका मांडवात आणला, असं मला वाटतं. त्यांच्या हातात एक चांगलं हत्यार होतं. बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातलं ५६० टीएमसी पाणी दिलेलं होतं, आणि ३१ मे २००० नंतर त्याचा फेरविचार होऊ शकत होता. पाणी वापरलं नाही तर हातचं जाईल, ही भीती सरकारलाही होती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं, ताकारी आणि म्हैसाळच्या जोडीला टेंभू आली. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची आणि पाच टप्प्यांत पाणी पंपाने वर चढवून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोल्यापर्यंत न्यायचं.

पाणी आलं. उशिरा आलं, अजून सगळीकडे आलेलं नाही, जतच्या पूर्वेच्या गावांना तर अजून शेजारच्या कर्नाटकाकडे बघावं लागतं. पण आलं, हे मान्य करू. आटपाडीची डाळिंबं बघा. हा हिशेब मात्र बघा, की डोंगरावर चढवलेल्या प्रत्येक थेंबाला विजेचं बिल आहे. ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचं असं ठरलं, म्हणून पंप चालतात. आणि पाणी आलं की ऊस लागतो. कुणी म्हणेल लागू द्या, त्यांनी तीनशे वर्षं वाट बघितलीय. म्हणणाऱ्याला चूक कसं म्हणू? पण बळीराजाच्या नियमाने ते पाणी वाटलं, तर त्यात ऊस बसत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो आपल्यासमोरच मिटायचा आहे.

इकडे गावांनीही हात चालवले. माणमधल्या टाकेवाडीने २०१८ मध्ये पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला, चर खणून, बांध घालून, म्हणजे उतारावर पाणी थांबवून. निढळ, लोधवडे ही नावं तुम्हाला माहीत आहेत. अशा गावांत ओढे जास्त दिवस वाहतात. मात्र जिथे त्याच जोडीला बोअरवर बंधन आलं नाही, तिथे मुरवलेलं पाणी शेजाऱ्याच्या मोटारीने उपसलं, हेही मान्य करायला हवं.

शेवटी जिहे-कठापूर योजनेचं सांगतो आणि थांबतो. कृष्णेचं पाणी कठापूरला अडवून उचलतात, वर्धनगडाच्या डोंगरातल्या बोगद्यातून येरळेच्या खोऱ्यात आणतात आणि नेर तलावात सोडतात, त्याच दुष्काळी काळातल्या नेर तलावात. तिथून दुसऱ्या बोगद्याने ते आंधळी धरणात, म्हणजे माणेच्या खोऱ्यात जातं. म्हणजे महादेवाची दुसरी आणि तिसरी, दोन्ही सोंडा पोटातून ओलांडून कृष्णेचं पाणी भीमेच्या बाजूला. आता नेरखालचे खटावचे शेतकरी विचारतात, की तलाव भरलेला असताना आमच्या पाळीचं काय? आणि माणचे विचारतात, की बोगद्याचं दार कधी उघडणार? हे दार किती दिवस उघडं ठेवायचं, हे कुठल्या कचेरीत ठरतं ते शोधून काढा, आणि त्या बैठकांना जा. माण आणि येरळा तशाही पुढे एकत्र येतातच, कृष्णा आणि भीमा रायचूरजवळ मिळतात तिथे. पण तोवर दोन्ही डोंगराच्या फार खाली गेलेल्या असतात.

बराच वेळ घेतला. प्रश्न असतील तर घेऊ या.